घरच्या बॅकअपसाठी नॅस: पेटी आणण्यापासून दुसऱ्या घरातल्या प्रतीपर्यंत

पाणी वाढायला लागलं की घरातलं काय काय उचलायचं, हे कोल्हापुरात आता पाठ झालंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की सगळ्यांचं लक्ष तिकडं लागतं. ४३ फुटांची धोका पातळी जवळ आली की गॅसची टाकी, धान्याचे डबे, फ्रिज, कागदपत्रांची फाईल माळ्यावर जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा या भागांत हेच झालं. या धावपळीत कॉम्प्युटरचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो. त्याच्या शेजारी, टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पूर नसला तरी फोन पडतो, लॅपटॉप चोरीला जातो, वळवाच्या पावसात वीज कडाडली की पॉवर सप्लाय जळतो, घरातलं कुणीतरी चुकून अख्खा फोल्डर उडवतं. गुगल फोटोजवर अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हापासून 'जागा संपली' हा निरोप घरातल्या प्रत्येक फोनवर येतोय. म्हणून बरीच मंडळी नॅस, म्हणजे राउटरला जोडायची डिस्कची पेटी, घ्यायचा विचार करतात. चांगला विचार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे: नॅस घरात आला म्हणजे बॅकअप झाला असं नाही. त्यातली एक प्रत दुसऱ्या घरात, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी गेली आणि तिच्यातून एखादी फाईल परत आणून उघडून बघितली, की मग बॅकअप झाला.

नॅस म्हणजे नेमकं काय

नॅस म्हणजे एक छोटा, कायम चालू राहणारा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो. आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात, आणि तो राउटरला केबलने जोडलेला असतो. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, कॉम्प्युटर वायफायवरून किंवा केबलवरून त्याच्यावर फाइली ठेवतात. त्याच्या सेटिंगची पानं ब्राउझरमध्ये उघडतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर या कंपन्यांचे तयार नॅस मिळतात. जुन्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर टाकूनही नॅस करता येतो, पण नवख्या माणसाने पहिला नॅस तयारच घ्यावा. बॅकअपची सवय लागेपर्यंत मशीन दुरुस्त करण्याचं काम अंगावर घेऊ नये.

दोन डिस्कच्या नॅसमध्ये 'रेड १' नावाची सोय असते. जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. इथंच बहुतेकांची गल्लत होते. रेड १ म्हणजे कार्बन लावलेलं बिलबुक: वर खाडाखोड केली की खालीही तीच उमटते. फाईल चुकून उडवली तर दोन्ही डिस्कवरून उडते. व्हायरसने कुलूपबंद केली तर दोन्हीकडं होते. पेटीच पाण्यात गेली तर दोन्ही डिस्क पाण्यात. रेडचा उपयोग डिस्क बिघडल्यावर काम थांबू नये एवढाच, आणि तेवढ्यासाठी तो घ्यावाच.

आधी घरातला डेटा मोजा

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढा. प्रत्येक फोनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये फोटो आणि व्हिडिओ किती जीबी आहेत ते बघा. लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. जुन्या पेनड्राइव्ह, लग्नाच्या डीव्हीडी, कपाटातले मेमरी कार्ड हेही बाहेर काढा. डीव्हीडीवरचं लग्न तर लवकर उतरवून घ्या, त्या चकत्या वर्षानुवर्षं टिकत नाहीत.

सगळ्याची बेरीज करा आणि तिच्या किमान तिप्पट जागा धरा. एकूण ८०० जीबी निघालं तर ४ टीबीच्या दोन डिस्क पुरतात. फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवायलाही जागा लागते, आणि फोनचे कॅमेरे दर वर्षी फाइली मोठ्या करतात. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ३.६ टीबी दिसते. ती फसवणूक नाही, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

घरातूनच व्यवसाय चालत असेल तर दोन गोष्टी खास बघा. हिशोब टॅलीत असेल तर टॅली चालू असताना तिचा डेटा फोल्डर नुसता कॉपी करू नका, फाईल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उचलली जाऊ शकते. आधी टॅलीतला बॅकअपचा पर्याय वापरून बॅकअप तयार करा आणि तो नॅसवर पाठवा. दुसरं, पत्रिका, बॅनर, बिलबुकं यांचं डीटीपी करणारे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोड नसतं. फाईल वाचली आणि फॉन्ट हरवला तर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. त्या फायलींबरोबर फॉन्टचा फोल्डर आणि सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरही बॅकअपमध्ये घ्या.

खरेदी

दोन डिस्कचा नॅस घ्या. एका डिस्कचा स्वस्त पडतो, पण डिस्क गेली की सगळं थांबतं. चार डिस्कचा घरच्या बॅकअपला बहुतेकदा लागत नाही. वाचलेल्या पैशात बाहेर ठेवायची यूएसबी डिस्क येते, आणि माझ्या मते नॅसच्या मोठ्या मॉडेलपेक्षा ती कितीतरी जास्त महत्त्वाची.

नॅसच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. दुकानदार कॉम्प्युटरची साधी डिस्क देऊ पाहील. नॅससाठी बनवलेलीच मागा: डब्ल्यूडीची रेड प्लस (हे नुसतं डिस्कचं नाव, वरच्या रेड १ शी त्याचा संबंध नाही) किंवा सीगेटची आयर्नवुल्फ. पावती करण्याआधी ती डिस्क सीएमआर प्रकारची आहे ना, हे विचारा. एसएमआर प्रकारात डिस्कवरच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे जागा वाढते पण पुन्हा लिहिताना डिस्क फार हळू होते. एक डिस्क मेल्यावर दुसरीवरून सगळं नव्या डिस्कवर उतरवायची वेळ येते, तेव्हा हे फार नडतं. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या साध्या रेड डिस्कमध्ये एसएमआर आहे हे उघड झालं आणि जगभर आरडाओरडा झाला. 'प्लस' हा शब्द बघून घ्यायचा तो म्हणून. नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलला चालणाऱ्या डिस्कची यादी असते, तीही एकदा पडताळून बघा.

राजारामपुरीतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, डिस्कचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. नॅसच्या या डिस्कना सहसा ३ वर्षांची वॉरंटी असते, पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, त्यावरचे फोटो मिळत नाहीत. दोन्ही डिस्क जमल्यास वेगवेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी दगा देऊ शकतात.

जागा आणि वीज

तळमजल्यावर राहत असाल तर नॅस जमिनीवर किंवा टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. भिंतीवर मजबूत फळी मारा, छातीच्या उंचीपेक्षा वर. वरचा मजला असेल तर नॅस तिथंच राहू दे आणि राउटरपर्यंत केबल ओढा. बंद कपाट नको, कारण पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि उन्हाळ्यात डिस्क तापतात. नॅसच्या सेटिंगमध्ये डिस्कचं तापमान दिसतं. ते ५० अंशांच्या वर राहत असेल तर जागा बदला. देवघराच्या शेजारची फळी मोकळी असते हे खरं, पण उदबत्तीची राख आणि तेलाचा धूर पंख्यातून आत जातो, तीही टाळा.

लाइट जाण्याचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून हवा. एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. फाईल लिहिता लिहिता वीज तुटली तर डिस्कवरची मांडणी बिघडू शकते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस नॅस आणि राउटरला पुरतो, पण तो यूएसबी पोर्ट असलेला घ्या आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडा. मग नॅसच्या पॉवर सेटिंगमध्ये यूपीएसचा पर्याय चालू करा. बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. ही केबल न जोडता नुसता यूपीएस लावला तर बॅटरी संपल्यावर वीज तशीच तुटते, आणि नॅसला त्याची आधी काही कल्पना नसते. घरात इन्व्हर्टर असला तरी हा यूपीएस हवाच. आणि ज्या सॉकेटला हे सगळं जोडणार त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेला मागं वायरच नसते.

केबल नीट बघा

नॅस वायफायवर नव्हे, केबलनेच राउटरला जोडायचा. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ हवी. आता तिचं टोक हातात घेऊन उजेडात धरा. पारदर्शक प्लगमध्ये रंगीत तारा ओळीने दिसतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठ तारा दिसल्या तर ठीक. इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने कधी कधी चारच तारा वापरून प्लग चेपलेला असतो: नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. त्यावर इंटरनेट उत्तम चालतं, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही.

याचा हिशोब असा. आठ तारांच्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) जोडणीवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. ५०० जीबीचा पहिला बॅकअप सव्वा तासाच्या आसपास होतो. चार तारांच्या केबलवर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे तेच काम साडेबारा तासांचं. हजारो बारीक फाइली असतील तर दोन्हीकडं वेळ आणखी वाढतो. केबल बरोबर असूनही वेग कमी दिसला तर राउटरचे पोर्ट बघा. काही राउटरमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. अशा वेळी राउटर बदलायची गरज नाही. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच त्या एका पोर्टला जोडा, आणि नॅस व कॉम्प्युटर दोन्ही स्विचला.

पहिल्यांदा चालू करताना

डिस्क ट्रेमध्ये बसवा, प्रत्येक ट्रेवर मार्करने १ आणि २ लिहा. नॅस चालू करा, कंपनीने सांगितलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडा आणि सांगेल तसं पुढं जा. सगळ्यात आधी अपडेट घ्या. मग डिस्कची मांडणी विचारेल तेव्हा रेड १ निवडा (सिनॉलॉजीवर एसएचआर निवडलं तरी दोन डिस्कना तेच होतं). फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) विचारली आणि बीटीआरएफएस हा पर्याय असला तर तोच घ्या, पुढं लागणारे स्नॅपशॉट (फोल्डरच्या त्या त्या वेळच्या नोंदी) त्यावर मिळतात.

त्यानंतर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नॅसचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर) कायमचा राखून ठेवा. तो बदलत राहिला तर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर सगळ्या कॉम्प्युटरचे बॅकअप गुपचूप थांबतात आणि कुणाला पत्ताच लागत नाही. त्याच बसण्यात नॅसमधला ईमेलचा निरोप चालू करा. डिस्क आजारी पडली, बॅकअप चुकला, जागा संपत आली की मेल यायला हवी. ही सोय बहुतेक लोक चालूच करत नाहीत, आणि मग पहिली डिस्क मेल्याचं दुसरी मेल्यावर कळतं.

आता माणसांची खाती. 'अॅडमिन' नावाचं तयार खातं बंद करा, वेगळ्या नावाचं व्यवस्थापक खातं काढा, त्याला लांबलचक पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा. ते खातं फक्त सेटिंगसाठी. आई, बाबा, मुलं, प्रत्येकाला स्वतःचं साधं खातं आणि स्वतःचा फोल्डर द्या. फोटोंसाठी सगळ्यांना दिसणारा एक फोल्डर असू दे. बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आणखी एक वेगळं खातं काढा, ज्याला फक्त बॅकअपच्याच फोल्डरमध्ये लिहिता येतं. एवढी खाती कशाला असं वाटेल. कारण असं की एखाद्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तर त्या लॅपटॉपवरून जेवढं लिहिता येतं तेवढंच तो बिघडवू शकतो.

नॅस एनक्रिप्ट करायचा (म्हणजे त्यातला डेटा किल्लीशिवाय उघडणार नाही असा करायचा) असेल तर करा, चोरी झाली तर चोराला डेटा वाचता येत नाही. पण त्याची रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा. ती हरवली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

कॉम्प्युटर आणि फोन जोडणं

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधली फाइल हिस्टरी नवख्याला पुरते. ती नॅसवरच्या फोल्डरकडं वळवा, किती वेळाने आणि किती जुन्या आवृत्त्या ठेवायच्या ते ठरवा. बऱ्याच कंपन्या नॅसबरोबर स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर देतात, त्यात अख्खा कॉम्प्युटरच उतरवून ठेवता येतो. लॅपटॉपची डिस्क मेली तर विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग सगळं परत आणता येतं. मॅकवर टाइम मशीन आहेच. फक्त त्याच्या फोल्डरला नॅसवर कमाल मर्यादा घालून द्या, नाहीतर टाइम मशीन आवृत्त्या साठवत साठवत सगळी जागा खाऊन टाकतं.

एक गोष्ट मात्र टाळा. नॅसवरचा फोल्डर कॉम्प्युटरमध्ये 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडून त्यावरच रोजचं काम करायचं आणि त्यालाच बॅकअप म्हणायचं, असं बऱ्याच छोट्या ऑफिसांत चालतं. मग तीच मूळ फाईल असते. तिची दुसरी प्रत कुठंच नसते.

फोनवर नॅस कंपनीचं फोटो अॅप टाका, फक्त वायफायवर आणि चार्जिंगला असताना अपलोड करायला सांगा. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप निवडलेला असतो, पण व्हॉट्सअॅपच्या फोटोंचा फोल्डर हाताने निवडावा लागतो. घरातल्या जाणत्या माणसांच्या फोनमध्ये खरा खजिना तिथंच असतो: नातवाचं पहिलं पाऊल कुणीतरी पाठवलेलं, गावच्या घराचा जुना फोटो, कुणाच्यातरी आवाजातला निरोप. आयफोनवर अॅप मागच्या मागं फार वेळ चालू राहत नाही, म्हणून पहिल्यांदा सगळे फोटो चढेपर्यंत रात्री चार्जिंगला लावून अॅप उघडं ठेवा. फोटो पूर्ण चढले आहेत याची खात्री होईपर्यंत फोनमधून काहीही काढू नका. आणि 'फोटो नॅसवर गेलेत, आता फोनमधले काढले तरी चालतील' हे दुसऱ्या घरातली प्रत तयार झाल्यावरच म्हणा.

चुकून उडवलेलं आणि कुलूप लावलेलं

नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असते. त्या क्षणी फोल्डरमध्ये काय होतं त्याची नोंद नॅस धरून ठेवतो, आणि बदललेल्या भागापुरतीच जागा खर्च होते. रोज एक स्नॅपशॉट, त्यातले ३० दिवसांचे ठेवायचे, शिवाय महिन्याचा एक सहा महिन्यांपर्यंत, एवढं घराला पुरतं. मुलाने शाळेच्या प्रकल्पाचा फोल्डर उडवला आणि चार दिवसांनी लक्षात आलं, तर चार दिवसांपूर्वीचा स्नॅपशॉट उघडून तो तसाच परत मिळतो. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसविरुद्धही हीच पहिली ढाल. लॅपटॉपवरच्या साध्या खात्याला स्नॅपशॉट काढून टाकता येत नाहीत.

नॅस इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेले मायबुक लाइव्ह नावाचे जुने ड्राइव्ह जगभरात दुरूनच फॅक्टरी रीसेट केले गेले आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा एका रात्रीत गेला. जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅपचे इंटरनेटवर उघडे असलेले नॅस शोधून शोधून कुलूपबंद केले. म्हणून राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट उघडणं) करू नका, यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवा, आणि नॅसमध्ये एसएमबी १ (फाइली वाटायची जुनी पद्धत) चालू असेल तर तेही बंद करा. पुण्याहून किंवा परदेशातून घरचे फोटो बघायचे असतील तर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून घरापर्यंतची खासगी वाट) वापरा. आपल्याकडं बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही, त्या जोडण्यांवरही ते चालतं.

दुसऱ्या घरातली प्रत

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळीकडं सांगितला जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कोल्हापुरात त्यातल्या शेवटच्या एकाला जास्त वजन आहे, आणि 'घराबाहेर' म्हणजे शेजारच्या गल्लीत नव्हे. तुमच्या गल्लीत पाणी आलं तर तिथंही येणारच. शाहूपुरीतल्या माणसाने प्रत राजारामपुरीतल्या किंवा कोल्हापुरातल्याच संभाजीनगरातल्या उंचावरच्या घरी ठेवावी. आत्या, मामा, बहिणीचं सासर, कागल, गडहिंग्लज, कुठंही चालेल, पण २०१९ ला तिथं पाणी नव्हतं ना, हे विचारून घ्या.

सगळ्यात सोपी रीत दोन यूएसबी डिस्कची. दोन्ही एकाच आकाराच्या घ्या, एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' लिहा. 'अ' नॅसला जोडा आणि नॅसच्या बॅकअप सॉफ्टवेअरमधून एनक्रिप्ट केलेला बॅकअप तिच्यावर घ्या. पूर्ण झाला की मेनूतून व्यवस्थित काढा आणि आत्याकडं पोचवा. 'ब' घरी जोडा. महिन्याने अदलाबदल. कोणत्याही क्षणी एक डिस्क पुराबाहेर असते आणि विजेच्या तडाख्याबाहेरही. एनक्रिप्शन असल्यामुळे डिस्क हरवली तरी घरचं काही कुणाच्या हाती लागत नाही.

महिन्याचा दिवस कॅलेंडरात नवा घालायची गरज नाही. दर अमावस्येला आदमापूरला किंवा पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारी घरं आपल्याकडं खूप आहेत. त्याच दिवशी वाटेत डिस्क बदलायची असं ठरवलं की ते चुकत नाही. फक्त डिस्क डिकीत पाना-पक्कडींबरोबर आदळत नेऊ नका, फोमच्या पाउचमध्ये ठेवा.

अदलाबदलीचा कंटाळा असेल तर आत्याच्या घरी छोटा नॅस ठेवून रात्री आपोआप प्रत पाठवता येते. त्यात एक खाचखळगा आहे तो अपलोडच्या वेगाचा. ४० एमबीपीएस अपलोडवर १ टीबी जायला दोन दिवसांहून जास्त, साधारण ५५ तास लागतात. म्हणून तो दुसरा नॅस आधी आपल्या घरी आणा, पहिली पूर्ण प्रत केबलवरून तयार करा, आणि मग तो उचलून त्यांच्याकडं बसवा. त्यानंतर रोजचे बदल तेवढे इंटरनेटवरून जातात. क्लाउडवर पाठवणंही चालतं. थोडा डेटा असेल, समजा कागदपत्रं आणि निवडक फोटो, तर तेच सोपं. पण तिथलं भाडं दर महिन्याला भरावं लागतं आणि कार्डाची मुदत संपली की बॅकअपही थांबतो.

परत आणून बघा

तीन महिन्यांतून एकदा हे करा. घरातल्या कुणालातरी विचारा, 'मागच्या वर्षीचा एखादा फोटो सांग.' तो दुसऱ्या घरातून आलेल्या डिस्कवरून काढा आणि ज्या कॉम्प्युटरवर तो कधीच नव्हता तिथं उघडा. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, उघडून बघा. व्हिडिओ असेल तर मधून मधून चालवून बघा. टॅलीचा बॅकअप असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटच्या महिन्याची शिल्लक जुळते का ते तपासा. एनक्रिप्शनचा पासवर्ड त्या वेळी कागदावरून टाका, आठवणीतून नको. कागदावर चूक झालेली असेल तर तेव्हाच कळेल.

तो कागद कुठं ठेवायचा हेही ठरवा. नॅसचा पत्ता, व्यवस्थापक खात्याचं नाव, पासवर्ड, रिकव्हरी की, कोणती डिस्क कुणाकडं आहे, एवढं एका पानावर लिहा आणि लॅमिनेट करून घ्या. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासातल्या नातेवाइकाकडं ठेवा, पण जिथं डिस्क आहे त्याच घरात नको. घरात सेटिंग जाणणारं माणूस एकटंच असेल तर बायको, नवरा, मोठा मुलगा, कुणातरी एकाला समोर बसवून एक फाईल परत आणायला शिकवा. आपल्या गैरहजेरीत त्यांना ते जमलं नाही तर सगळी मेहनत त्यांच्या दृष्टीने कुलूप लावलेली पेटीच राहते.

बाकी देखभाल थोडीच आहे. महिन्यातून एकदा स्मार्ट टेस्ट (डिस्क स्वतःची तब्येत तपासते), तीन महिन्यांतून एकदा डेटा स्क्रबिंग (दोन्ही डिस्कवरची नोंद जुळते का ते नॅस वाचून बघतो), अपडेट आले की घेणं. दिवाळीच्या साफसफाईत ब्रशने पंख्याची धूळ काढा, नॅस बंद करून.

पाणी वाढतंय असं कळलं तर

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की सखल भागातल्यांनी त्याच दिवशी शेवटचा बॅकअप यूएसबी डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क बाहेर काढावी. हे काम रस्ते चालू आहेत तोवर करायचं. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्गसुद्धा बंद झाला होता.

नॅस उचलायचा असेल तर आधी मेनूतून शटडाउन करा. दिवे पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग केबल काढा. फिरत्या डिस्कला धक्का लागला तर पाण्याशिवायही ती मरते. मूळ खोकं आणि त्यातला फोम जपून ठेवला असेल तर त्यातच भरा, वरून जाड प्लास्टिक पिशवी बांधा. पेटी नेणं शक्य नसेल तर निदान एक डिस्क ट्रेसकट काढून बरोबर घ्या. रेड १ मध्ये एका डिस्कवर सगळं असतं.

डिस्क भिजलीच तर ती चालू करून बघायचा मोह आवरा. हेअर ड्रायर लावू नका, उघडू नका, उन्हात ठेवू नका. पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडं न्या. आत गाळ असताना एकदा फिरली की वाचायची शक्यता फार कमी होते.

पाणी ओसरल्यावर घरातलं वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय यूपीएस लावू नका. नॅस चालू झाला की आधी ठरलेले सगळे बॅकअप थांबवा, दोन्ही डिस्कची पूर्ण स्मार्ट टेस्ट करा, मग स्क्रबिंग. हे दोन्ही पार पडेपर्यंत आत्याच्या घरची डिस्क आत्याच्याच घरी राहू द्या.